कोपराची उंची

दोन वर्षं मी धानाच्या पोत्यावर बसून
परदेशातल्या म्हाताऱ्यांचे मणके टाइप केले.
हेडफोनमध्ये डॉक्टर घाईत बोलायचा,
तोंडात काहीतरी चघळत:
कमरेचा चौथा, पाचवा, मधली गादी झिजलेली,
रुग्णाने जास्त वेळ बसू नये असा सल्ला.
मी पूर्णविराम द्यायचे
आणि पोत्यावर कूस बदलायचे.

लॅपटॉप आईच्या शिलाई मशीनवर.
पाय पायडलवर जायचा, सवयीने,
आणि चौथा मणका, पाचवा मणका
थरथरत उमटायचे स्क्रीनवर.

चांदीला मागच्या नव्या कोठ्यात हलवलं
तेव्हा बाबांना म्हटलं, जुना मला द्या.
"वास येते न वं तिथं."
येऊ द्या, म्हटलं.

तीनदा चुना दिला. वास भिंतीत आत सरकला,
गेला नाही.
जमीन धुमसून सारवली.
खिडकी उत्तरेला फोडली,
कारण पश्चिमेची भिंत वैशाखात
रात्री अकरापर्यंत तवा असते;
तिला बाहेरून तणसाच्या पेंढ्या लावल्या, हातभर जाड.
कवेलूंखाली ताडपत्री. कारण माकडं.

झिंगरुजी सुतार आले.
टेप खिशातच ठेवला त्यांनी,
मला पोत्यावर बसवलं, कोपर मोडायला लावलं,
जमिनीपासून एक काडी उभी धरली
आणि नखाने खूण केली.
मग काडी मोजली: सव्वीस इंच, वर एक सूत.
"काम का करता, बाई?"
ऐकते आणि लिहिते.
"दिवसभर?"
दिवसभर.
"मंग बसाचीच मजुरी हाय म्हणा."
माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन
कंपनीच्या पत्रातही नव्हतं.

नवं लाकूड नको म्हणाले.
गव्हाणीची सागाची फळी काढली.
तिच्या काठाला मधोमध एक खाच,
बैलांच्या गळ्यांनी घासून घासून केलेली,
उथळ, गुळगुळीत.
रंधा तिथपर्यंत आला आणि उचलला गेला.
"हे राहू द्या. मनगट ठेवाले कामी येईल."

खुंटा उपटला नाही. त्याला आता केबल बांधली आहे.
इन्व्हर्टर कोनाड्यात, जिथे ढेपेचं टोपलं असायचं.
खुर्ची मात्र भंडाऱ्याहून आणली, बसच्या टपावरून,
कंडक्टरने तिचंही अर्धं तिकीट फाडलं.

एवढं करूनही रेवताकाकू दारात येतेच:
"रिकामी आहेस काय? फॉर्म भराचा होता."
बाबांनी तोडगा काढला. चांदीच्या गळ्यातली लाकडी टापर
दाराला टांगली.
टापर बाहेर असली की पोरगी कामावर.
आता सगळे आधी टापर वाजवतात,
मग विचारतात, कामावर आहेस काय?

तरी काम होतं. जास्त होतं.
ज्या शब्दासाठी चारदा मागे जायचे
तो आता पहिल्याच फेरीत कानात बसतो.
कालच्या मीटिंगमध्ये माकडांचा कळप वरून गेला,
हैदराबादची मॅडम दचकली, म्हणाली, भूकंप?
म्हटलं, नाही, वरच्या मजल्यावरचे लोक.

पाठ दुखते अजून. थोडी.
झिंगरुजी म्हणतात, लाकडाचा दोष नाही,
उठत जा मधून.
मी ऐकते, लिहित नाही, उठतही नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला
गायकी गुरं गावात सोडतो.
चांदी नवा कोठा ओलांडून इथे येते,
रोज,
दारात उभी राहते आणि सगळा उजेड अडवते.
स्क्रीनवर तिची शिंगं पडतात
कुणा अनोळखी बाईच्या मानेच्या अहवालावर.
ती आत येत नाही. माझ्याकडे बघतही नाही.
फळीकडे बघते.

मी वाक्य पुरं करते, फाइल जतन करते,
आणि मनगट उचलून
खाच मोकळी करते.